मूल घरी शिकवायचं, पण कोणासाठी?

॥ श्री गुरवे नमः ॥



गेल्या वर्ष-दीड वर्षात आपल्या बालसंस्कार वर्गाच्या आयांच्या गटावर एक विषय पुन्हा पुन्हा येतो आहे. मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवावं का? कुणाचं मूल रोज रडत शाळेत जातं. कुणाला फीचा आकडा झेपत नाही. कुणाची नोकरी बदलीची, दर दोन वर्षांनी नवं गाव. कुणाच्या मुलाला अक्षरं उलटसुलट दिसतात आणि भरलेल्या वर्गात त्याच्याकडे बघायला बाईंना वेळ नाही. बडोद्याच्या एका ताईंनी तर सरळच विचारलं, "काकू, हे करणं बरोबर आहे का? की माझ्या हट्टापायी मी मुलाचं नुकसान करतेय?"

पुस्तकं कुठली घ्यावीत, परीक्षा कुठून द्यावी, याची उत्तरं सोपी आहेत. ती खाली दिलीच आहेत. पण ताईंचा प्रश्न आधी घ्यायला हवा. तो सुटला नाही तर चांगली पुस्तकं आणूनही घरात रोज ओढाताण चालू राहते.

*किंमत कोण मोजतं?*

घरी शिक्षण म्हटलं की आपल्याकडे महात्मा गांधींचं उदाहरण हमखास दिलं जातं. ते अर्धंच सांगितलं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१८९७ साली गांधीजी कुटुंबासह डर्बनला आले, तेव्हा बरोबर हरिलाल आणि मणिलाल ही दोन मुलं आणि एक भाचा होता. गोऱ्या मुलांच्या शाळेत त्यांच्या मुलांना प्रवेश मिळू शकला असता, पण तो खास मेहेरबानी म्हणून. इतर हिंदी मुलांना जे दार बंद होतं ते फक्त आपल्या मुलांसाठी उघडून घेणं त्यांना पटलं नाही. मिशनच्या शाळेत इंग्रजीतूनच शिकवत, तेही त्यांना नको होतं. मग घरीच शिकवायचं ठरलं. काही दिवस एक इंग्रज बाई नेमल्या, काही स्वतः शिकवलं. पुढे जोहान्सबर्गला मुलांना बरोबर घेऊन कार्यालयापर्यंत चालत जायचे आणि वाटेत गोष्टी करत शिकवायचे.

विचार किती उदात्त होता बघा. पण गांधीजींनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवलंय की मुलांना हवा तेवढा वेळ आपण देऊ शकलो नाही, आणि शाळेचं शिक्षण मिळालं नाही याचं दुःख मुलांच्या मनात राहिलं. सार्वजनिक कामाचा व्याप एवढा, की शिकवणं मागे पडायचं. थोरले हरिलाल तर १९११ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या सुमारास, वडिलांपासून वेगळे होऊन हिंदुस्थानात परतले. मॅट्रिक व्हायचं म्हणून अहमदाबादला शाळकरी मुलांची पुस्तकं घेऊन बसले. बापलेकांमधली ती दरी पुढे कधी भरली नाही. सगळा दोष शिक्षणालाच द्यावा असं नाही, कारणं आणखीही होती. पण शिक्षण हे त्यातलं मोठं कारण होतं.

यावरून घरी शिकवणं वाईट, असा अर्थ मी काढत नाही. तत्त्व वडिलांचं होतं आणि त्याची किंमत मुलानं मोजली, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. आपण उपवास केला तर पोट आपलं दुखतं. मुलाला उपवास घडवला तर आपण फक्त पुण्य मोजत बसतो.

याच्या अगदी समोर ठेवण्यासारखं उदाहरण विनोबांचं. ते वाढले बडोद्यात. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला म्हणून निघाले, मध्येच सुरतेला उतरले आणि काशीची गाडी धरली. आपली प्रमाणपत्रं त्यांनी स्वतःच्या हातानं चुलीत टाकली होती. तेव्हा त्यांचं वय वीस. पदवीवर पाणी सोडायचा निर्णय त्यांचा, आणि तो शिकून झाल्यावरचा. आईवडिलांनी सहा वर्षांच्या विन्याच्या वतीनं तो घेतला नव्हता. आपल्या मुलानं पुढे प्रमाणपत्र फेकून द्यायचं ठरवलं तर खुशाल फेकू दे. पण फेकायला आधी ते हातात असलं पाहिजे.

*आई नसतानाही पुरलं ते शिक्षण*

घरी शिकवण्याचं फळ किती मोठं असू शकतं याचंही उदाहरण आपल्याकडे आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकांना संस्कृत शिकवू नये अशा त्या काळात शास्त्रीबुवांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्यावरून समाजाचा रोष पत्करला आणि पश्चिम घाटात गंगामूळच्या रानात घर केलं. पुढे वडील थकले, तेव्हा धाकट्या रमेला शिकवण्याचं काम आईनं घेतलं. दिवसभर घरकाम, आलागेला, विद्यार्थी यांचं करण्यात जायचा. म्हणून लक्ष्मीबाई पहाटे, सगळे उठायच्या आधी, पेंगुळलेल्या मुलीला उठवून संथा द्यायच्या.

पुढे दुष्काळात आईवडील गेले. भाऊ आणि रमा देशभर पायी फिरले. १८७८ मध्ये ही वीस वर्षांची मुलगी कलकत्त्याला पोचली, तेव्हा तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. शाळेचं तोंडही न पाहिलेली ही मुलगी.

दोन्ही घरी शिक्षण घरीच होतं. मग फरक कशात पडला? मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे वेळ. लक्ष्मीबाईंनी झोप मोडून रोजचा वेळ काढला. दुसरं म्हणजे आईवडील गेल्यावरही त्या विद्येवर मुलगी चार लोकांत ताठ उभी राहू शकली. ताई, आपल्याला हीच कसोटी लावता येईल. आज आपण जे शिकवतोय, ते उद्या आपण नसताना मुलाला पुरेल का?

*संस्कारांसाठी की भीतीपोटी?*

आता जरा नाजूक विषय. आपल्या सत्संगातल्या काही घरांत असं म्हणतात की, बाहेरची हवा लागू नये म्हणून मुलाला घरी ठेवायचं. शाळेत शिव्या शिकतो, मोबाईल बघतो, नको ते खातो. संस्कार टिकवायचे तर घरच बरं.

यातली काळजी मला समजते. मीही दोन मुलं वाढवली आहेत. पण संस्कार म्हणजे काही लोणच्याची बरणी नव्हे, की हवा लागली की बुरशी येईल. शिवी कानावर पडल्यावरही तोंडातून निघू नये, याला संस्कार म्हणायचं. ती कधी कानावरच पडली नाही, तर आपण शिकवलेलं खरं किती उतरलंय हे कळणार कसं?

शिवाय, घरी शिकणाऱ्या मुलाच्या आयुष्यात आईच बाई, आईच हेडमास्तर आणि आईच परीक्षक असते. शाळेत एका बाईंचं पटलं नाही तर मूल घरी येऊन आईजवळ बोलतं. इथे आईचंच पटलं नाही तर ते कुणाकडे जाणार? म्हणून घरी शिकवणाऱ्यानं "असं का?" हा प्रश्न मुलाला जास्त मोकळेपणानं विचारू द्यावा लागतो. स्तोत्राबद्दल, नेमाबद्दल, अगदी आपल्या श्रद्धेबद्दलही. "मोठ्यांनी सांगितलं म्हणून" या उत्तरावर सारखी वेळ येऊ लागली, तर समजावं की शिकवणं थांबलंय आणि राखण सुरू झालीये.

तेव्हा निर्णयाआधी नवरा-बायकोनं एकदा शांत बसून हे तीन प्रश्न एकमेकांना विचारावेत:

१. हे मुलाच्या गरजेसाठी आहे की आपल्या भीतीसाठी? (शाळेत खरंच त्रास होत असेल तर तो त्रास नेमका कोणता, हे एका वाक्यात लिहून बघा.)

२. याची किंमत कोण मोजणार? मूल, आई, की दोघं? वडील त्यात काय घालणार?

३. चुकलं असं वाटलं तर परत फिरायचा रस्ता उघडा आहे का?

तिन्हीची उत्तरं खरी आणि बरी आली तर निर्धास्त करा. तुम्ही काही जगावेगळं किंवा चुकीचं करत नाही आहात.

*शाळा सक्तीची का झाली?*

एक बाजू आणखी आहे. बडोद्याच्या आपल्या मंडळींना अभिमान वाटावा अशी गोष्ट, की महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. ही सक्ती कुणासाठी होती? ज्या घरी आई पहाटे उठून संथा देऊ शकत नव्हती, कारण तिला स्वतःलाच अक्षर येत नव्हतं, त्या घरच्या मुलांसाठी. शेतावर राबणाऱ्या, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी. आणि ज्यांना 'हिला शिकून काय करायचंय' म्हणत घरीच बसवलं जायचं त्या मुलींसाठी.

म्हणजे 'घरीच राहू दे' हे वाक्य आपल्या समाजात मुलीला विद्या नाकारण्यासाठी फार वर्षं वापरलं गेलंय. म्हणून मुलगा शाळेत आणि मुलगी घरी, असं कुणी ठरवत असेल तर थांबा. ते घरी शिक्षण नव्हे.

आणि आपल्याला घरी शिकवता येतं, कारण आपल्याला कुणीतरी शाळा-कॉलेजात घातलं होतं. हे ऋण आहे. ते फेडायचा साधा मार्ग म्हणजे आपलं मूल शिकायला बसतं, तेव्हा कामवाल्या मावशींचं किंवा वॉचमनदादांचं मूलही संध्याकाळी तासभर शेजारी बसू द्यावं. त्याचं शिकणं होतं, आणि आपल्या मुलाला आपल्याहून वेगळ्या घरातला मित्र मिळतो. घरी शिकण्यात राहणारी सगळ्यात मोठी उणीव त्यानं भरून निघते.

*कायदा काय म्हणतो?*

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं त्यात म्हटलंय. घरी शिकवण्याचा वेगळा उल्लेख नाही. पालकांना शिक्षा किंवा दंड सांगणारं कलम त्या कायद्यात नाही. पण कर्तव्य सांगितलंय, हे विसरून चालणार नाही.

त्याच कायद्यात आपल्या उपयोगाची एक तरतूद आहे. सहा वर्षांपुढचं जे मूल शाळेत गेलेलं नाही, त्याला वयाला साजेशा इयत्तेत प्रवेश द्यायचा आणि मागे राहिलं असेल ते भरून काढायला मदत करायची. म्हणजे परतीचा रस्ता कायद्यानंच उघडा ठेवलाय. जन्माचा दाखला आणि आधार तेवढं नीट जपून ठेवा.

*परीक्षा कुठून द्यायची?*

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, केंद्र सरकारची आहे आणि ती १९८९ पासून चालू आहे. गोवा, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, कुठूनही प्रवेश घेता येतो. त्यांच्या लहान मुलांच्या अभ्यासक्रमात अ, ब, क असे तीन स्तर आहेत. ते अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे. दहावीसाठी वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत, बारावीसाठी १५. दहावीला किमान पाच विषय, त्यात निदान एक भाषा. वर्षातून दोनदा परीक्षा होते, आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षांपर्यंत एकेक-दोनदोन विषय करत पूर्ण करता येतं. बदलीच्या नोकरीवाल्यांना आणि हळू शिकणाऱ्या मुलांना ही मोठी सोय आहे. बऱ्याच राज्यांची स्वतःची मुक्त मंडळंही आहेत, मध्य प्रदेश आणि तेलंगणातही. फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीचे नियम संकेतस्थळावर वाचून घ्या.

*रोजचा दिवस कसा असावा?*

१. बैठक कमी, पण नेमानं. दहा वर्षांपर्यंतच्या मुलाला सकाळी दोन-अडीच तास पुरतात. शाळेचे सहा तास आपल्या जेवणाच्या टेबलावर भरवायला जाऊ नका. हजेरी, रांगा, शांत बसवणं यात शाळेचा जो वेळ जातो, तो आपल्याकडे लागतच नाही.

२. रोज वीस मिनिटं मोठ्यानं वाचन. आधी आपण वाचायचं, मग मुलानं. आपण महाराष्ट्राबाहेर राहणारे लोक. शाळेत हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू, इंग्रजी सगळं मिळतं, मराठी मिळेलच असं नाही. मराठी वाचणारी पुढची पिढी घरातच तयार होणार आहे. बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर फुकट मिळतात, 'किशोर'चे जुने अंकही मिळतात. एनसीईआरटीची पुस्तकंही तशीच.

३. गणित स्वयंपाकघरात. चार वाट्या पिठाला एक वाटी तेल, तर सहाला किती? पावकी, निमकी, दीडकी आपल्या आजोबांना पाठ असायची. एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण. पोळीचे चार तुकडे करून हे म्हणा, अपूर्णांकांची भीती उरत नाही. पण वहीतलं लेखी गणितही रोज पाच-दहा उदाहरणांचं हवंच. नुसत्या पोळीवर दहावी होत नाही.

४. आठवड्यातून एकदा बाहेर. भाजीबाजारात हिशोब त्याला करू द्या, पोस्टात, बँकेत बरोबर न्या. वाचनालयाची सवय लावा. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं, पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात १८३२ ची, बडोद्याचं मध्यवर्ती ग्रंथालय १९१० चं. एवढी संपत्ती आपल्या गावात असताना मूल तिथे गेलं नाही तर वाईट दिसतं.

५. रोज तासभर मैदान. खेळात भांडण होतं, हार होते, आपला डाव येईपर्यंत थांबावं लागतं. हे आई शिकवू शकत नाही.

६. एक वही. तारीख, काय वाचलं, काय केलं, मुलानं काय विचारलं. तीन ओळी पुरेत. आपण मागे पडतोय असं वाटायला लागलं की ही वही उघडा. पुढे शाळेत घालायची वेळ आली तर दाखवायलाही उपयोगी पडते.

७. शेजारच्या मुलाशी तुलना नको, पण डोळेझाकही नको. रोज बसूनही आठव्या वर्षापर्यंत अक्षरं जुळत नसतील तर तज्ज्ञांना दाखवा. ते आळसामुळे नसतं, आणि ओरडून सुटत नाही.

*आणि आई?*

बहुतेक घरांत निर्णय दोघांचा असतो आणि काम एकटीचं. स्वयंपाक, सासू-सासऱ्यांचं औषधपाणी, त्यात शिकवणं. चार महिन्यांत ती थकते, चिडते, आणि ती चीड मुलाच्या वहीवर निघते. दादांनो, तुमच्यासाठी सांगते. एक विषय तुमचा असायला हवा. विज्ञान घ्या, इतिहास घ्या, रात्री अर्धा तास का होईना. आणि आठवड्यातून एक सकाळ तुमच्या घरातल्या मास्तरीणबाईंना सुट्टी. हे जमत नसेल तर घरी शिकवण्याचा विचार पुन्हा करा.

ताईंनो, तुम्हालाही एक सांगायचंय. रोज अभ्यासावरून रडारड होऊ लागली, मूल स्वतःहून पुन्हा पुन्हा शाळेचं विचारू लागलं, किंवा तुमची तब्येत साथ देईना, तर शाळेत घाला. त्यात हार कसली? मुलासाठी घरी ठेवलं होतं, मुलासाठीच शाळेत घातलं. दरवर्षी परीक्षा झाली की मुलाला समोर बसवून विचारा, पुढचं वर्ष घरी की शाळेत? दहा वर्षांच्या मुलाला मत असतं. ते नेहमी मानता येईल असं नाही, पण विचारलेलं त्याच्या लक्षात राहतं. हरिलालनाही कुणी असं विचारायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

सुरुवातीचे सहा महिने अवघड जातात. नातेवाईक बोलतात, शेजारी मुलाला पाढे विचारून बघतात. ते होणारच. पण एक दिवस मूल आपणहून पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसलेलं दिसतं, तुम्ही हाक मारता आणि ते ओ देत नाही. तेव्हा रागावू नका. कढई गॅसवरून उतरवा आणि त्याला वाचू द्या.

ज्यांच्याकडे मुलांची वाचून झालेली मराठी पुस्तकं असतील त्यांनी ती रविवारी वर्गाला येताना घेऊन यावीत. सुट्टीत प्रत्येक केंद्रावर छोटी पेटी करायचा विचार आहे. घरी शिकवणाऱ्या आयांना काही विचारायचं असेल तर संकोच न करता गटावर लिहावं, ज्याला जे माहीत आहे ते सगळे सांगतील.

सर्व लेकरांना खूप खूप आशीर्वाद.

आपली,
एक सेवेकरी भगिनी, इंदूर 🙏